वासाची बाटली आणि विशेबाई

ज्याने केवड्याच्या कणसाला सुगंध दिला आणि आमच्या रानातल्या शेवळाच्या फुलाला कुजल्या मांसाचा वास दिला, त्या एकाच परमेश्वराला आरंभी नमस्कार असो. दोन्ही त्याचीच निर्मिती, आणि दोन्हींकडे तो सारख्याच प्रसन्नतेने पाहत असला पाहिजे. माझ्यासारख्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या माणसाला ते साधले नाही. तरी श्रीशारदेने आज लेखणीला एवढे बळ द्यावे की, जे घाण होते त्याला मी घाण म्हणेन आणि जे थोर होते त्याला थोर, आणि एकासाठी दुसरे लपवणार नाही.

लिहिण्याचा प्रसंग सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. परवा अक्षय्यतृतीयेला कलश मांडून संकल्प सोडणार, तोच घरभर एक वास पसरला. मोरीच्या नळीत घूस मरून फुगली होती. सुनेने नाकाला पदर लावला, नातवंडे अंगणात पळाली, आणि माझ्या तोंडून अवचित निघाले, "विशेबाई!"

सून म्हणाली, "नाना, कोण ह्या विशेबाई? आणि घूस मेल्यावर त्यांची आठवण का येते?"

त्या प्रश्नाचे उत्तर देवघरात बसून देता येईना. विशेबाई आज हयात नाहीत. म्हणून हे लिहायला घेतले.

शहापूर तालुक्यातील ज्या महाविद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे, त्याचे नाव येथे घेत नाही. तिथे दोन प्रकारचे विषय व्हरांड्याच्या टोकाला असत. ज्यांना विद्यार्थी नसत ते आणि ज्यांना वास असे ते. पहिल्यात मी होतो. गेल्या शतकाच्या शेवटाला वनस्पतिशास्त्राच्या विभागात वत्सला विशे या बाई आल्या, आणि माझ्या वर्गाला लागून असलेली, एका खिडकीची, सामान ठेवायची जुनी खोली त्यांनी प्रयोगासाठी मागून घेतली. कुणाला नको होती, म्हणून मिळाली.

मी तेव्हा वर्गात समास शिकवीत होतो. भिंतीपलीकडून जे आले त्याला वास म्हणणे सौम्य होईल. ओढ्यात वाहून आलेल्या जनावराचे पोट उन्हाने फुटावे आणि त्यात कुणी शिळी मासळी ओतावी, तसे काहीसे ते होते. ते नाकात शिरून थांबत नसे, जिभेवर बसे. एका विद्यार्थिनीने खिडकीबाहेर मान काढून ओकारी काढली. मी उपरणे नाकाला लावून शेजारच्या दारात उभा राहिलो.

आत तिशी ओलांडलेल्या, काटक, सुती लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेल्या बाई एका लहान बाटलीचे बूच लावीत होत्या.

"बाई, आत काही मेले आहे काय?"

"नाही सर. मेल्यावर जे होतं, तेवढंच आहे. बाटलीत."

"म्हणजे?"

"पुट्रेसिन. प्रेत कुजताना तयार होतं. थंडीत गोठतं, म्हणून कोमट पाण्यात ठेवलं होतं. जरा जास्तच पातळ झालं."

"आणि हे आपण विकत आणले?"

"हो."

त्या एका अक्षरात किंचितही संकोच नव्हता. मी घरी जाऊन सचैल स्नान केले. तरी रात्री ताटातल्या ताकाला तोच वास येतो आहे असे वाटून मी पान उचलून ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एक रीत घालून दिली. बाटली उघडायची असली की त्या आधी भिंतीवर टकटक करीत. मग मी वर्ग उठवून बुचाच्या झाडाखाली नेत असे. संस्कृतचे विद्यार्थी त्या टकटकीची वाट पाहू लागले. माझ्या सबंध सेवेत मुले इतक्या आनंदाने कशाची वाट पाहताना मी पाहिली नव्हती.

विशेबाईंचे गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजारापासून थोडे आत. भातशेती करणारे जुने घर. आठवडाभर त्या शहापुरात भाड्याच्या खोलीत राहत आणि शनिवारी एस.टी.ने गावी जात. त्यांच्या केसांना, पिशवीला, छत्रीच्या मुठीला तो वास चिकटलेला असे. गाडीत शेजारी बसलेला माणूस दोन थांब्यांच्या आत उठून मागे जाई. मी एकदा खेद व्यक्त केला, तर म्हणाल्या, "बरंच आहे की. वास असला की सीट मिळते."

शिक्षककक्षात एका विनोदी गृहस्थाने त्यांना डिवचले, "बाई, असल्या वासानं स्थळं पळून जातील हो."

"पळू देत. जो थांबेल त्याला नाक नसेल, आणि बिननाकाचा मला नको." एवढे बोलून त्यांनी डबा उघडला आणि नाचणीची भाकरी सुकटाच्या चटणीबरोबर खाऊ लागल्या. तो दुसरा वास वेगळाच. मी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. माझी किळस त्यांना दिसे. त्यांना तिचा राग येत नसे, आणि तिची भीड पडून त्या काही बदलतही नसत. "किळस आली तर येऊ द्या, सर," असे त्या म्हणत, "पण डोळे मिटू नका. मिटलेत तर राहतो तो नुसता वास." हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकले की पुढे बीभत्स रस शिकवताना मला ते आठवून अडखळायला होई.

एके दिवशी आमचा शिपाई गणपत धावत आला. "शास्त्रीसर, चला बेगीन! विशेबायच्या मोरीतना रगात वाहतंय!"

खरेच, त्या खोलीच्या सांडपाण्याच्या भोकातून गडद तांबडे पाणी व्हरांड्याच्या कडेने वाहत होते आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. गणपतने दार ढकलले. आत विशेबाई बिटाच्या फोडी करून धूत बसल्या होत्या. आदल्या आठवड्याच्या फोडी एका बादलीत आंबून बुळबुळीत झाल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरी साय धरली होती.

गणपत म्हणाला, "बाय, मी पोलिसांकडं जानार व्हतो."

"जा की. त्यांनाही बीट दाखवू." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आलाच आहात तर डोळा लावा."

सूक्ष्मदर्शकावर वाकावे तर बादलीवरून वाकावे लागत होते. श्वास कोंडून मी वाकलो, आणि जे पाहिले ते आजही मिटल्या डोळ्यांपुढे आहे. स्वच्छ पाण्यात तांबडे, वाटोळे, आतून उजळल्यासारखे गोळे तरंगत होते. कुंकवाच्या पाण्याचे थेंब कुणी पाण्यातच तरंगत ठेवावेत, आणि त्यांनी विरघळू नये, तसे.

"ह्याला रिक्तिका म्हणतात," त्या म्हणाल्या. "पेशी म्हणजे घर धरा. घराच्या मधोमध ही कोठी. कोठी एवढी मोठी की घरच्यांना भिंतीला टेकून बसावं लागतं. फोड नीट कापून धुतली की अखंड कोठ्या बाहेर येतात."

"कोठीत काय असते?"

"पाणी. हा रंग. आणि पालाश, म्हणजे पोटॅशियम. कोठीच्या भिंतीला बारीक बारीक दारं असतात. पालाशचे कण धनभार घेऊन त्यांतून जातात-येतात. काही दारं झटकन उघडतात, काही सावकाश."

"आणि द्वारपाल कोण?"

"तुमचा नावडता." त्यांनी बाटलीकडे बोट केले. "ह्या कुळाचे रेणू प्रत्येक जिवंत पेशीत असतात. तुमच्यात, माझ्यात, गणपतमध्ये. कुजताना वाढतात म्हणून नाव बदनाम. जिवंतपणी हे घराच्या बाजूनं दारात जाऊन बुचासारखे बसतात. पुट्रेसिनवर दोन धनभार, ते सैल बूच. स्पर्मिडिनवर तीन. स्पर्मिनवर चार. ते बसलं की झटकन उघडणारी दारं गपगार."

मी शब्दांचा माणूस. म्हणून सहज विचारले, "हे स्पर्मिन नाव कशावरून पडले? प्रथम कशात सापडले?"

त्या म्हणाल्या, "ते नका विचारू सर. तुमचा आज सोमवार असेल."

पुढे मी ते दुसऱ्या एका प्राध्यापकाकडून विचारून घेतले. पुरुषाच्या बीजात, असे उत्तर मिळाल्यावर घरी जाऊन पुन्हा स्नान केले.

बिटाच्या फोडी त्या वेगवेगळ्या पाण्यांत ठेवीत. काहींत ते रेणू घातलेले, काहींत नाही. घातलेल्या पाण्यात रंग कमी उतरे. मी म्हणालो, "म्हणजे दारे बंद झाली." त्यांनी लगेच मान हलवली. "नाही. रंग दारातनं जात नाही, भिंतीला चिरा गेल्या की गळतो. ह्या रेणूंनी भिंत सावरली, एवढंच झालं. दार बघायला यंत्र लागतं, ते इथे नाही." आपल्या सोयीचे चुकीचे उत्तर समोरून आयते आले असता ते परत करणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

ते यंत्र त्यांनी मुंबईच्या एका संशोधनसंस्थेत हाताळले होते. शिक्षण अर्धे टाकून त्या परत का आल्या, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्या यंत्राविषयी मात्र एकदाच भरभरून बोलल्या. केसाहून बारीक तोंडाची काचेची नळी कोठीच्या भिंतीला लावायची. तेवढ्याशा टिकलीत एखाददुसरे दार सापडे. पडद्यावर एक रेघ चाले. दार उघडले की रेघ पायरी चढे, मिटले की उतरे.

"मग पाण्यात स्पर्मिन घातलं. पायऱ्या विरळ झाल्या. मग रेघ सपाट. आमी तिघंजनं श्वास सोडायचं विसरलो." भावना दाटून आली की त्यांच्या तोंडी घरची बोली येई. "सर, एक दार मिटताना बघितलं मी. जगातलं एकच दार."

त्यांना पुन्हा तिथवर पोचायचे होते, आणि त्यासाठी हातात काहीतरी स्वतःचे, पक्के असायला हवे होते. ते हाती आले त्यांच्या घरच्या शेतातून.

त्यांचा धाकटा भाऊ बबन एका आषाढात भाताच्या रोपांची जुडी फडक्यात बांधून थेट महाविद्यालयात आला. जुन्या पानांचे शेंडे तपकिरी होऊन वळले होते.

"ताय, करपा पडलाय गो. धसईचा दुकानवाला बोलला, फवारा मार."

"राब भाजलास?"

"नाय. फांद्या तोडून देत नाय आता रानातल्या. समद्या पाड्यानं नाय भाजला. युरिया टाकला."

आमच्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी त्या वाफ्यावर शेण, पाला, फांद्या पसरून उन्हाळ्यात जाळतात. त्याला राब म्हणतात. राखेत पालाश असतो. त्या वर्षी राख नव्हती, आणि सगळा पाडा रोगावर औषध शोधत होता.

"हा रोग नाही, भूक आहे," बाई म्हणाल्या. "फवारा मारू नको."

त्यांनी ती पाने वाटली, रस कागदाच्या पट्टीवर चढवला आणि उग्र आंबट वासाच्या द्रवात ती पट्टी उभी केली, म्हणजे द्रव वर चढताना रसातले रेणू वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. खोलीत आता जुन्या दुर्गंधीवर नवी चढली. पट्टीवर शेवटी जांभळे डाग उमटले, तेव्हा पुट्रेसिनचा डाग मोठा आणि स्पर्मिनचा अगदी पुसट होता.

त्यावरून त्यांनी एक अनुमान बांधले. उपाशी रोप घट्ट बूच, म्हणजे स्पर्मिन, कमी करते आणि सैल बूच वाढवते. म्हणजे कोठीची दारे किलकिली राहून साठवलेला पालाश घरच्यांना मिळतो. मी विचारले, "आणि कोठी रिकामी झाली म्हणजे?"

"मग शेंडा जळतो. बबन म्हणतो करपा."

"हे सिद्ध झाले?"

"छे! एका जुडीवरून काय सिद्ध होतं? रोग असला तरी डाग तसा दिसत असेल. मुळापासनं लावून बघायला हवं."

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी त्या खोलीत खिडकीखाली ट्रे मांडले. काहींत राबाची राख, काहींत नाही. बाकी माती, पाणी, उजेड सारखा. रोप उगवल्यापासून ते लावणीला येईपर्यंत ठरल्या अंतराने पाने काढून पट्ट्या चढवायच्या होत्या. त्यासाठी त्यांना काय हवे होते, तर लावणीपर्यंत ती खोली. आणखी काही नाही.

आणि त्याच पावसाळ्यात महाविद्यालयाची पाहणी करायला एक समिती येणार असे ठरले.

प्राचार्य व्हरांड्याच्या टोकाला सहसा येत नसत. आले, आणि दारापासून चार हातांवर उभे राहून म्हणाले, "बाई, ही बाटली हलवा. हे ट्रे हलवा. ही काय महाविद्यालयाची शोभा आहे?"

"बाटली हलवते सर. ट्रे नाही हलणार. उजेड बदलला तर सगळं वाया जाईल."

"पण हा वास!"

"बिनवासाची पूड मिळते सर. हेच द्रव्य, क्षाररूपात. मी दोनदा मागणी केली आहे."

"जुनी बाटली शिल्लक असताना नवी कशी मंजूर करणार? ती आधी संपवा."

हे संभाषण मी माझ्या दारात उभा राहून ऐकले. दुर्गंधीचा तिटकारा असलेला माणूसच दुर्गंधी संपवण्याच्या आड उभा होता, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती. त्या दिवशी प्रथमच मला जी किळस आली, तिचा बाटलीशी संबंध नव्हता.

समितीच्या दिवशी मला स्वस्तिवाचन सांगायला बोलावले होते. बाईंनी बाटली बूच लावून, वर मेण ओतून, फडक्यात गुंडाळून दूर पंपाच्या खोलीत नेऊन ठेवली होती. तरी भिंतींत मुरलेला वास होताच. मी सकाळी व्हरांड्यात आलो तर प्राचार्यांनी खोलीच्या दारापुढे, कठड्यावर, कुंड्यांत, उदबत्त्यांचे जुडगेच्या जुडगे पेटवून खोचले होते, आणि फरशीवर फिनेल ओतले होते. मोगरा, फिनेल आणि प्रेत यांचे एक असे मिश्रण तिथे झाले होते की, बाटलीने एकटीने इतके ओंगळ कधी केले नव्हते. देवापुढे जळायची वस्तू घाण झाकायला जळताना पाहून मला जी शिसारी आली ती आवरून मी मंत्र म्हटले. देव मला क्षमा करो, त्या मंत्रांना त्या दिवशी चव नव्हती.

समितीचे अध्यक्ष स्वतः वनस्पतिशास्त्राचे. गोरेपान, पोक्त, अंगाला अत्तर. व्हरांड्याच्या मध्यापर्यंत आले आणि त्यांनी घडीचा रुमाल नाकाला लावला.

"हे काय, शवागार आहे का?"

सगळे हसले. प्राचार्य सर्वांत मोठ्याने हसले.

विशेबाई दाराशी उभ्या होत्या. धुतलेले इस्त्रीचे लुगडे, केस ओले. त्या म्हणाल्या, "सर, दोन मिनिटं. आत भाताची रोपं आहेत. पालाश नसेल तर रिक्तिकेच्या दारांचं काय होतं, ते बघते आहे. पट्ट्या तयार आहेत. आपण एकदा पाहाव्यात."

"बाई, दुरून दिसतंय."

दार लोटलेले होते. दुरून काहीही दिसत नव्हते.

ते वळले. त्यांच्यामागे सगळे वळले. एका विद्वानाने आपल्याच शास्त्राच्या उंबऱ्यावरून रुमालाआडून परत जावे, हे दृश्य बाईंच्या बादलीतल्या बुळबुळीत फोडींपेक्षा मला अधिक किळसवाणे वाटले, आणि आजही वाटते. पुढे चहाच्या वेळी ते गृहस्थ बटाटेवड्याची फार स्तुती करीत होते.

जाताना ते प्राचार्यांना म्हणाले, "त्या दुर्गंधीचा बंदोबस्त करा." एवढे पुरे झाले. दुसऱ्या दिवशी, बाई वर्गावर असताना, खोली धुण्यासाठी म्हणून ट्रे उचलून मागच्या पडवीत ठेवले गेले. गणपत नको नको म्हणत होता. त्याचे कोण ऐकतो? त्या बाजूला कुंपण नव्हते. तास संपवून बाई धावत मागे गेल्या, तेव्हा कुणाच्या तरी बकऱ्या शेवटच्या ट्रेत तोंड घालून उभ्या होत्या.

बाईंनी त्यांना हाकलले नाही. त्या पडवीच्या पायरीवर बसल्या. मी जवळ गेलो. त्या म्हणाल्या, "राखेच्या ट्रेतली आधी खाल्लीत बघा. उपाशी रोपं मागाहून. चव कळते त्यांना." मग रिकाम्या ट्रेकडे पाहून म्हणाल्या, "लावणीपर्यंतच पाहिजे होती हो, सर. मी काय कायमची मागत व्हती?"

मी प्राचार्यांकडे गेलो. ते आश्चर्याने म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्हालाच तर सगळ्यांत जास्त त्रास होत होता!"

"होत होता. मी बाटलीला घाण म्हणत होतो. खोलीला कधी म्हटले नाही."

त्यांना ते कळले नसावे. त्या खोलीत पुढे पाहुण्यांसाठी शौचालय बांधले गेले. पाण्याची सोय अपुरी असल्याने त्याची जी दशा झाली ती मी लिहीत नाही. मी तिथे असेतोवर त्या वासाविषयी कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या वैशाखात मी निवृत्त झालो. आषाढात बबन घरी आला. "तायनं बोलावलंय. बोलली, शास्त्रीसरांना बोल, खोली मिलाली."

किन्हवलीवरून धसईला जाणारी गाडी धरली आणि बबनबरोबर चिखल तुडवीत पाड्यावर पोचलो. खोली म्हणजे त्यांचा गोठा होता. एका अंगाला गाय आणि दोन बैल. दुसऱ्या अंगाला फळ्या लावून, कूड काढून खिडकी केलेली, आणि तिच्याखाली ट्रे. शेण ढोपराएवढे साचलेले, गोमूत्राचा पाट मधून वाहतो आहे, गोमाश्यांचा थर, आडव्या वाशाला टांगलेल्या कागदी पट्ट्या, आणि फळीवर ती बाटली.

"इथं कोन बोलत नाय वासाला," बाई म्हणाल्या. "गाय तर मुळीच नाही. ह्याच कुळाचे रेणू शेणातही असतात, सर. फक्त तुमी त्याला पवित्र म्हनता." आणि त्या मोकळ्या हसल्या.

मला उत्तर द्यायचे होते. शेण आणि गोमूत्र यांच्याविषयी शास्त्र काय सांगते ते मला पाठ होते. पण त्याच वेळी त्यांनी बाटलीचे बूच काढले. ओल्या गोठ्याच्या उबेत तो वास असा काही उसळला की माझ्या पोटातले सगळे एकदम वर आले. मी दाराकडे वळलो, पण पोचलो नाही. जन्मभर ज्याने उष्टे ओलांडले नाही तो मी, त्यांच्या त्या स्वच्छ सारवलेल्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ओकलो. जानवे भरले. उपरणे भरले. माझ्याच देहातून निघालेल्या त्या आंबट लोंढ्याची मला जितकी किळस आली तितकी त्या बाटलीचीही कधी आली नव्हती.

बाईंनी बूच लावले. माझ्या पाठीवर हात ठेवला. लोटीतून पाणी दिले. मग खाली बसल्या, ओंजळीने कोरडी माती टाकली, आणि दोन्ही हातांनी ते सगळे गोळा करून उकिरड्यावर नेऊन टाकले. चेहऱ्यावर एक रेषाही हलली नाही. घरची स्त्री जसे लेकराचे काढते तसे.

"बसा बाहेर, सर. पट्टी तापवायची राहिलीय. आज कळणार."

मी ओट्यावर बसलो. यंत्र नव्हते, पट्टी तापवायला ओट्यावरच चूल होती. त्यांनी पट्टीवर रंगद्रव्य फवारले आणि ती भाकरीच्या तव्यावर वीतभर उंच धरली. बबन शेजारी उकिडवा बसला होता. पांढऱ्या कागदावर आधी काही नव्हते. मग एकेक जांभळा डाग, आत कुणी दिवा लावावा तसा, उमटू लागला. राखेच्या रोपांच्या रांगेत घट्ट बुचाचा डाग ठसठशीत होता. उपाशी रोपांच्या रांगेत तो पुसट, आणि सैल बुचाचा डाग पसरलेला. मुळापासून लावलेली रोपे, एका मातीतली, एका उजेडातली.

बबनने पसरलेल्या डागाकडे बोट केले. "ताय, यो डाग म्हंजे भूक का?"

"व्हय. भूक लागली की कोठी उघडी टाकतं ते."

"आन् मग राब?"

"झाडं तोडू नका. गळलेला पाला, पेंढा, शेण्या जाळा. राख झाली म्हंजे झालं."

अंधारायच्या आत मला गाडी गाठायची होती. मी निघालो तेव्हा त्यांनी पट्टी अजून खाली ठेवली नव्हती. बांधावरून वळून पाहिले. गोठ्याच्या दारात, गायीच्या शेपटीचा फटका खांद्यावर बसत असता, त्या उजेडाकडे पट्टी धरून उभ्या होत्या, आणि ओठांनी काहीतरी मोजीत होत्या. मी हात जोडले. त्यांनी पाहिले नाही. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. पुढे एका पावसाळ्यात काविळीने त्या गेल्याचे बबनने कळवले.

वाचकहो, आपल्या घरची कणगी भरलेली राहो, गोठ्यात दूध आणि शेतात राख राहो, मुलाबाळांना भुकेची ओळख केवळ दुसऱ्याची भूक भागवण्यापुरती होवो. आपल्या नाकाला परमेश्वर तीक्ष्ण ठेवो, आणि कुणी उंबऱ्याशी उभे राहून "दोन मिनिटे आत या" म्हणाले, तर आत जाण्याइतके बळ पायांना देवो. शुभं भवतु.